टाकी कोणाची, चावी कोणाची

जगातली सगळी सरकारं खोटं बोलतात की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण ती कोणत्या विषयावर, किती आणि कोणत्या सुरात खोटं बोलतात हे आमच्या शेजारच्या काकांइतकं अचूक सांगणारा माणूस कल्याणपासून ठाण्यापर्यंत दुसरा नव्हता, आणि विठ्ठलवाडीत तर नव्हताच नव्हता. हे मी उगीच म्हणत नाही. मी बी.ए. झालेली आहे, आमच्या घरात पहिली. पदवी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलेली आहे आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दिसेल अशी व्यवस्था मी स्वतः केलेली आहे. तरीही बातमी कशी ऐकायची हे मला कॉलेजने नाही, सातवी पास काकांनी शिकवलं.

त्याआधी आमचं घर म्हणजे काय होतं, ते सांगते. चाळीत दहा बाय बाराची खोली, चार माणसं, आणि खाली सगळ्यांत मिळून एक नळ. बाबा रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे. कितीही धुतले तरी त्यांचे हात निळे ते निळेच. घरात वर्तमानपत्र यायचं ते फळीवर अंथरायला, तेही महिनाभर जुनं. त्यामुळे राजीनामा दिलेले मंत्री आमच्या डब्यांखाली पुढचे तीन आठवडे मंत्रीच असायचे. पहाटे साडेचारला नळ यायचा आणि पावणेसहाला जायचा, आणि मी अभ्यासाला बसायचे ती हंडे वर चढवून झाल्यावर. हा नळ आणायचे तेच काका. ते पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन ते नाक्यावरच्या खड्ड्यापाशी जायचे, झाकण उघडायचे, आत चावी लावून वेढे द्यायचे, आणि मग आमच्या गल्लीत पाणी. लहानपणी मला वाटायचं, देव असलाच तर त्याच्याकडेही अशी एक चावी असणार आणि तोही काकांसारखाच विडी विझवून कानाला खोचत असणार.

नोकरीत असतानाच त्यांना रेडिओचा नाद लागला. लघुलहरींवर देशोदेशीची सरकारी केंद्रं हिंदीतून, इंग्रजीतून बातम्या देतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलं आणि संपलंच. खिडकीपासून समोरच्या खांबापर्यंत त्यांनी एरियलची तार ओढली. काकूंनी त्या तारेकडे एकदाच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून तिच्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली. मग काय! सोमवारी चादरी धुतल्या की एका महासत्तेचा आवाज बसायचा. नुसत्या टॉवेलांवर शेजारचा देश चांगला यायचा. "अगो, तुझी ती सतरंजी काढ, तिकडे राष्ट्राध्यक्ष बोलतायत!" असं काका ओरडायचे आणि काकू आतून म्हणायच्या, "बोलूदेत की. सतरंजी ओली आहे, राष्ट्राध्यक्ष कुठे ओले आहेत?"

निवृत्तीनंतर मुलाने मोबाइल घेऊन दिला, तेव्हा तर जगातल्या झाडून सगळ्या सरकारी वाहिन्या त्यांच्या तळहातावर आल्या. प्रत्येकीला त्यांनी नातं लावलं होतं. एक दूरदेशीची वाहिनी होती, जनतेच्या वर्गणीवर चालणारी. ती स्वतःच्या पंतप्रधानाला येता-जाता झापायची, म्हणून ती थोरल्या आत्याबाई. "आत्याबाई घरच्यांना सोडत नाहीत, म्हणून मान द्यायचा," काका म्हणायचे, "पण त्यांच्या वडिलांनी कोणाकोणाच्या जमिनी लाटल्या ते विचारलंत की आत्याबाईंना एकदम ऐकू येईनासं होतं." दुसरी एक वाहिनी दिवसभर स्वतःच्या देशातली फुलं, धरणं आणि हसरे शेतकरी दाखवायची, ती नवी सून माहेरी पत्र लिहिते तशी, म्हणून तिचं नाव नवी सून. तिसरी दुसऱ्यांच्या घरातली भांडणं फार सविस्तर सांगायची, स्वतःच्या घराचं दार मात्र कायम लोटलेलं. ती कोपऱ्यावरची मावशी. एक वही होती. तिच्यात रोज प्रत्येकीपुढे शेरा पडायचा, आणि शेरे सगळे खात्यातले: गढूळ. उकळून घ्यावे. क्लोरीन जास्त. दाब कमी. एखाद दिवशी, फार क्वचित, "पिण्यास योग्य".

मी एकदा, नवी नवी पदवीधर, त्यांना म्हणाले, "काका, ज्यांचा पैसा सरकारचा ते सगळे सारखेच. एकालाही मानू नये." वाटलं, शाबासकी मिळेल. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय गो, तू कॉलेजात गेलेलीस ना? आपल्या नळाला पैसा कोणाचा? सरकारचाच ना? मग पितेस कशाला? टाकी सरकारने बांधली, हे एक. चावी कोणाच्या हातात, हे दुसरं. कुठे चावी साहेबाच्या हातात असते, फोन आला की बंद. कुठे कायदा करून चावी भलत्याच माणसाकडे दिलेली असते, साहेबाने फोन केला तर तो म्हणतो, लेखी द्या. टाकी बघून शेरा मारायचा नाही. चावी बघायची." हे बोलून झाल्यावर त्यांनी काकूंकडे चहा मागितला आणि काकूंनी सांगितलं, दूध नाहीये. काका मला हळूच म्हणाले, "सूत्रांच्या माहितीनुसार दूध आहे."

हो, ते एक राहिलं. काकांचं इंग्रजी आणि बातम्यांचं मराठी दोन्ही रेडिओवरून आलेलं, त्यामुळे त्यांच्याकडे शब्दांचा साठा होता तो सगळा संशयाचा. 'तथाकथित', 'कथितरीत्या', 'सूत्रांनुसार', 'दुजोरा मिळू शकला नाही'. काकूंनी उपमा केला की ते विचारायचे, "तथाकथित उपमा झाला काय?" आणि जावई परस्पर येऊन गेल्याचं कळलं की, "जावई आले होते, पण या वृत्ताला दुजोरा मिळू शकला नाही." काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं संसार केला ह्यांच्याशी, अजून मला तथाकथित बायकोच समजतात."

डोंबिवलीला त्यांच्या मेहुण्याकडे गेले की ते तिथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बसायचे. एकदा मी सोबत गेलेले. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने मोबाइलवर चित्रफीत लावली. परदेशी वाहिनीवरचा गोरा निवेदक आपल्या देशाचं तोंड भरून कौतुक करत होता. कट्ट्यावर टाळ्या. एकाने तर डोळे पुसले. काका म्हणाले, "पैसे कोण देतं ह्याला?" झालं! बँकवाले उसळले, "तुम्हाला देशाचं चांगलं बघवत नाही का हो?" काका शांतपणे म्हणाले, "साहेब, शिव्या दिल्यान असत्या तर तुम्हीच विचारलं असतंत ना, कोण पैसे देतं? मग स्तुतीच्या वेळी का नाही? मी तर स्तुतीला दुप्पट तपासतो. पुढच्या महिन्यात त्यांचं काहीतरी विकायला येईल बघा." पुढच्या महिन्यात त्याच वाहिनीवर कसल्या विक्रीची बातमी आली की नाही, मला माहीत नव्हतं; काकांना विचारलं तर ते म्हणाले, "आली नाही. मी चुकलो. पण विचारलं ते बरोबर विचारलं." कट्ट्यावर वर्गणीतून येणाऱ्या सामोशांतून मात्र त्यांना आठवडाभर वगळण्यात आलं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते. माझी धाकटी बहीण सुजू ठाण्यात नर्सिंग शिकली. आमच्या खोलीत, त्याच हंड्यांच्या रांगेशेजारी बसून शिकली. तिला परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली. देशाचं नाव सांगत नाही. थंड देश आहे आणि त्याचं शेजाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर आहे, एवढं पुरे. कागद झाले, स्वेटर झाले, आणि निघायला तीन आठवडे उरलेले असताना तिकडे सरहद्दीवर काहीतरी पेटलं. चाळीतल्या सगळ्या मोबाइलांवर एकच चित्रफीत फिरू लागली: जळणारी गाडी, धावणारी माणसं, आणि एक सुटातली बाई सांगतेय की देशभर दंगली उसळल्यात, परदेशी कामगारांना वेचून मारहाण होतेय. बाबांनी ती बघितली, मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाले, "नाही जायचं." रुग्णालयाने कळवलेलं, ठरल्या तारखेला हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला. सुजू माळ्यावर चढून बसली आणि दोन दिवस जेवायला तेवढी खाली उतरली.

आणि खरं सांगायचं तर बाबांना मीच पक्कं केलेलं. "बाबा, किती स्वच्छ इंग्रजी बोलतेय बघा ती. साधीसुधी वाहिनी नाही ही," असं मी, घरातली पदवीधर, ठासून म्हणाले. मला तिचं प्रत्येक वाक्य कळत होतं, त्याचाच मला इतका अभिमान की ते खरं आहे का, हे विचारायचंच राहिलं. काका दारात उभे राहून ऐकत होते. "लाईन कुठून येते ती बघितलीस काय?" मी वाहिनीचं नाव शोधलं. ती वाहिनी सबंध त्या वैरी शेजाऱ्याच्या सरकारची निघाली. काका म्हणाले, "पितळी नळ बघून भुललीस तू." मला कान गरम होणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

मी लगेच दुसऱ्या टोकाला गेले. सुजूच्या देशाची सरकारी वाहिनी लावली. तिच्यावर फुलांचं प्रदर्शन चालू होतं. "बघा, काही नाहीये!" काकांनी तिकडे बघितलंही नाही. "ही नवी सून आहे. घर जळत असलं तरी ही रांगोळीच दाखवणार. मला आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत काकांनी चाळीला वेठीला धरलं. मोबाइलच्या जोडीला जुना रेडिओ पुन्हा निघाला, म्हणून काकूंना तारेवर कपडे घालायला बंदी झाली. सगळ्या चादरी आमच्या गॅलरीत. मी दुभाषी. संध्याकाळी ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर असतानाच काका हाका मारायचे. त्यांची ऐकायची पद्धत अशी की बातमीपत्र शेवटाकडून ऐकायचं. पहिल्या बातम्या साहेबांच्या असतात, म्हणायचे, शेवटच्या कारकुनाच्या. आणि कारकून बिचारा कंटाळलेला असतो, त्याला खोटं बोलायचा उत्साह नसतो. वहीची दोन पानं समोरासमोर: एकीकडे वैरी काय म्हणतो, दुसरीकडे घरचा काय म्हणतो. जे दोघंही म्हणतात त्याच्याखाली लाल रेघ. जो स्वतःच्या तोट्याचं कबूल करतो त्याच्याखाली दोन रेघा. पाचव्या दिवशी पहिली डबल रेघ पडली: फुलवाल्या वाहिनीने, हवामानाच्या जरा आधी, हळूच सांगितलं की सरहद्दीलगतच्या एका जिल्ह्यात संचारबंदी आहे. "आता ही बोलली," काका म्हणाले. "म्हणजे तिकडे आहे, नक्की आहे. पण पोरीचं गाव तिथून किती लांब?" आगगाडीने पुरा एक दिवस.

आठव्या दिवशी ते वही घेऊन आमच्या खोलीत आले. बाबा, आई, सुजू, मी, सगळे बसलेलो. काकांनी सुजूच्या शहराच्या बातमीपत्रातली, मी वहीत उतरवून दिलेली शेवटची ओळ मला पुन्हा वाचायला लावली. येत्या मंगळवारी रुग्णालयाच्या भागात जलवाहिनी बदलायची असल्याने दिवसभर पाणी बंद राहील, नागरिकांनी साठा करून ठेवावा. काकांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांना बढतीच मिळाली. "ज्या गावात दंगल असते त्या गावात रस्ता खोदून पाइप बदलत नाहीत. मी एकतीस वर्षं खात्यात काढली. नुसता मोर्चा असला तरी आमचा मुकादम फावडं उचलू देत नसे. पोरीला पाठवा."

बाबांनी आधी सुजूकडे बघितलं, नंतर वहीकडे. मग म्हणाले, "दादा, राग मानू नका. पण तुम्ही जन्मभर सरकारचा पगार घेतलात. सरकारी सूचना तुम्हाला खरीच वाटणार."

मला वाटलं, आता काका भडकणार. ते वही मिटून मांडीवर घेऊन बसले. आणि आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, हा बोलतोय ते बरोबर आहे. सुजू पोटात होती तेव्हा एकदा चार दिवस पाणी नव्हतं, आठवतं? तुम्ही रेल्वे फाटकापलीकडून हंडे आणत होतात, आठवा महिना. मी सगळ्यांना सांगितलं, लाईन फुटलीय. लाईन फुटली नव्हती. पलीकडे एका बड्याच्या घरचं लग्न होतं, मांडवाला पाणी वळवलं होतं. साहेब म्हणाला, तांत्रिक कारण सांग. मी सांगितलं. तेव्हापासून मला कोणाच्याही सूचनेवर झोप येत नाही. माझ्यासुद्धा."

आई भाजी निवडत होती ती निवडतच म्हणाली, "ते मला तेव्हाच माहीत होतं, भाऊजी."

"काय?"

"लाईन फुटली असती तर रस्त्यात पाणी दिसलं नसतं का? मी नाक्यापर्यंत जाऊन बघून आलेले. कोरडा ठणठणीत रस्ता."

देशोदेशीच्या सरकारांची झडती घेणारा हा माणूस, आणि आमच्या आईने, जिला सही करायला मी शिकवलं, तिने बावीस वर्षांपूर्वी एक चक्कर मारून त्यांची झडती घेऊन ठेवलेली. "मग बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं. "तुम्ही खाली मान घालून सांगत होतात," आई म्हणाली. "म्हटलं, ह्यांना आधीच लाज वाटतेय." सगळ्यांत आधी सुजू हसली, माळ्यावरून उतरल्यापासून पहिल्यांदा. मग बाबा. मग काकाही, चष्मा पुसत.

"मग ठरलं तर," काका म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. वहिनींसारखं करा. नाक्यापर्यंत जाऊन या."

नाका परदेशात होता. पण त्या रुग्णालयात कळव्याची एक ताई दोन वर्षांपासून नोकरीला होती आणि तिचा नंबर आमच्याकडे होता. बाबांनी तिला कधी फोन करू दिला नव्हता, कारण नंबर नोकरी लावून देणाऱ्या एजंटने दिलेला. "त्याचंच माणूस ती, सगळं छानच सांगणार." काकांनी बोट वर केलं. "छान आहे काय, असं विचारायचंच नाही. मंगळवारी फोन लावायचा आणि विचारायचं, आंघोळ झाली काय?"

बाबा दचकले. "दादा, परक्या मुलीला मी विचारू? आंघोळ झाली का?" चाळीत पुढे कितीतरी दिवस ह्या वाक्यावरून बाबांची चेष्टा चालली. शेवटी फोनवर आई बोलली. मंगळवारी दुपारी काका, काकू, आम्ही सगळे मोबाइलभोवती. पलीकडून ताईचा आवाज आला. आईने जेवणखाण विचारलं, थंडी विचारली, आणि मग इतक्या सहज म्हणाली की मीच थक्क झाले, "आणि आंघोळ वगैरे झाली का गं?"

"कसली आंघोळ मावशी! आज सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. होस्टेलसमोर सगळा रस्ता खोदून ठेवलाय मेल्यांनी. दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या त्या रूममेटने संपवल्या." मग न विचारताच ती पुढे बोलली: सरहद्दीकडे खरंच वाईट आहे, तिकडच्या दोन मुली बदली होऊन इथे आल्यात, इकडे भाजी महाग झालीय, बाकी ड्यूटी नेहमीसारखी. "सुजू येतेय ना? तिला सांगा, बादली घेऊन ये."

बाबा उठले, टीव्हीशेजारी ठेवलेला सुजूचा पासपोर्ट त्यांनी उघडून बघितला, पुन्हा मिटला आणि तिच्या हातात दिला. काकांनी वही उघडून त्या मंगळवारपुढे शेरा लिहिला. मी वाकून बघितलं. "पिण्यास योग्य. तपासणी: वहिनी."

आता काका चाळीत नाहीत. मुलाने शीळफाट्याजवळ एकविसाव्या मजल्यावर घर घेतलं आणि दोघांना घेऊन गेला. तिथे नळाला चोवीस तास पाणी असतं. चावीवाला कोण आहे हे कोणालाच माहीत नाही, आणि काकांना त्याचा फार त्रास होतो. सोसायटीच्या नियमात तार ओढणं बसत नाही. काकूंना कपडे वाळवायला यंत्र आहे. काकांना ऐकूही कमी येतं. मी महिन्यातून एकदा रविवारी जाते, त्यांचा मोबाइल कानाला लावून बातमीपत्र ऐकते आणि मोठ्याने त्यांना सांगते. ते माझ्या तोंडाकडे बघत बसतात. कुठे युद्धाबिद्धाचं फार वाईट असलं की मी थोडं गाळते. परवा ते मध्येच म्हणाले, "तू काहीतरी वगळलंस." मी म्हटलं, नाही काका. त्यांनी माझा हात थोपटला. "प्रेमाने केलंस ते कळतं गो मला. पण वगळलंस." मग मी सगळं सांगितलं, आणि ते बराच वेळ खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

सुजू गेली. ठरल्या तारखेला हजर झाली. तिला तिथे आता तीन वर्षं होतील. ती कायम झालेली आहे आणि लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. आमच्या घरातून देशाबाहेर जाऊन नोकरी करणारी ती पहिली.